साथ आणि आपत्तीत काम करणाऱ्या आरोग्य टीमचं ट्रेनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साथ असो, पूर असो, उष्णतेची लाट असो की केमिकलची गळती, आरोग्याच्या कामाला जी माणसं धावतात त्यांच्या ट्रेनिंगबद्दल तेच तेच प्रश्न सारखे येत असतात. काही स्वतः कोर्स करणाऱ्यांचे, काही टीमची यादी सांभाळणाऱ्यांचे. म्हणून सगळे एका जागी आणलेत, आधी साधे आणि पुढे किचकट. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, मी डेटा एंट्री बघतो. मला हे ट्रेनिंग कशाला?

साथीचं काम फक्त पेशंट तपासणाऱ्यांवर चालत नाही म्हणून. सॅम्पल घेऊन जाणारा ड्रायव्हर, औषधांचा स्टॉक बघणारा, हेल्पलाईनवर बसलेली मुलगी, लाइन लिस्ट (एकेका पेशंटची एकेक ओळ असलेली यादी) भरणारे तुम्ही, यातला एक जरी गोंधळला तरी पुढचं सगळं अडतं. तुमच्याच कामाचं सांगायचं तर लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि रिपोर्ट आल्याची तारीख या दोन रकान्यांची अदलाबदल झाली की साथीचा अख्खा आलेख पुढे सरकतो, लोकांना लागण कधी झाली याचा अंदाज चुकतो आणि टीम चुकीच्या ठिकाणी उगम शोधत बसते. तेव्हा ट्रेनिंग हवंच, फक्त सगळ्यांना सगळं नको. कोणाला किती ते पुढच्या प्रश्नात आहे.

२. कोर्सची यादी बघूनच डोकं गरगरतं, सुरुवात कुठून करू?

आधी कोर्स नाही, तुमच्या संस्थेचा आपत्कालीन आराखडा. तो मागून घ्या आणि तीन गोष्टी शोधा: बोलावणं आलं तर हजर कुठे व्हायचं, माझा प्रमुख कोण, माझं काम काय. या तिन्हींची उत्तरं नसतील तर कितीही कोर्स करा, त्या दिवशी तुम्ही गेटवरच उभे राहाल.

त्यानंतर इन्सिडंट कमांड सिस्टीम, म्हणजे आयसीएस, याचा प्राथमिक कोर्स करा. ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या मोठ्या वणव्यांनंतर तयार झाली, कारण वेगवेगळ्या यंत्रणा एकाच आगीवर काम करत होत्या पण त्यांचे शब्द वेगळे, हुकूम देणारे वेगळे, रेडिओसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते. त्यातून जे नियम निघाले ते आज आरोग्यातही वापरतात: प्रत्येकाला एकच वरिष्ठ, सगळ्यांची भाषा एक, आणि एका प्रमुखाच्या हाताखाली साधारण तीन ते सात माणसं, पाच असली तर उत्तम.

मग संसर्ग रोखण्याचं आणि पीपीईचं (मास्क, ग्लोव्हज, गाऊन अशा संरक्षक पोशाखाचं) ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या भूमिकेचं खास ट्रेनिंग, म्हणजे सर्वेक्षण, कॉन्टॅक्ट ट्रेसिंग, लॅब, लोकांशी संवाद वगैरे जे असेल ते. लोक नेमकं उलटं करतात, आकर्षक नावाचा ॲडव्हान्स कोर्स आधी घेतात आणि पाया कच्चाच राहतो.

३. फुकट पण भरवशाचे कोर्स कुठे मिळतील?

जागतिक आरोग्य संघटनेचं ओपनडब्ल्यूएचओ हे ऑनलाइन कोर्सचं ठिकाण २०१७ मध्ये सुरू झालं, फुकट आहे, आपल्या सवडीने करता येतं आणि बरेच कोर्स अनेक भाषांत आहेत. त्यांचा वेग बघा, कोविडचा पहिला कोर्स त्यांनी २६ जानेवारी २०२० ला टाकला होता आणि जागतिक आणीबाणी जाहीर झाली ३० जानेवारीला. मानवतावादी मदतीच्या बाजूचं हवं असेल तर काया आणि डिझास्टररेडी ही दोन फुकट ठिकाणं चांगली आहेत. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचंही स्वतःचं लर्निंग प्लॅटफॉर्म आहे. आयसीएससाठी फेमा या अमेरिकेच्या सरकारी आपत्ती यंत्रणेचे स्वतः शिकायचे कोर्स प्रसिद्ध आहेत, आयएस-१०० आणि आयएस-२०० आणि आयएस-७००, पण ते मुळात त्यांच्या देशातल्या लोकांसाठी बनवलेत, तेव्हा परीक्षेला बसायच्या आधी आपण पात्र आहोत का ते तपासून घ्या.

एक मात्र करा, कुठलाही कोर्स करण्याआधी तुमच्या संस्थेत तो मान्य आहे का ते विचारा. दहा तास घालवून झाल्यावर "हा चालत नाही" ऐकायला फार वाईट वाटतं.

४. अकाउंटला ऑफिसचा ईमेल देऊ की स्वतःचा?

माझं मत स्वतःचा. बदली झाली, नोकरी बदलली, की ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि त्याच्यासोबत सगळी सर्टिफिकेटं अडकतात, पासवर्ड रिसेटची लिंकसुद्धा त्याच बंद ईमेलवर जाते. संस्थेने ऑफिसचाच पाहिजे म्हणून सांगितलं असेल तर तो द्या, पण प्रोफाइलमध्ये दुसरा ईमेल जोडायची सोय असेल तर आपला लगेच जोडून टाका. आणि दोघांनी मिळून एक अकाउंट कधीच नको, रेकॉर्ड कोणाचं तेच मग कळत नाही.

५. अख्खा कोर्स केला तरी ९५ टक्क्यांवरच अडकलंय, सर्टिफिकेट येत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा कारण या चारांपैकी एक असतं. शेवटचा फीडबॅक फॉर्म भरायचा राहिला असतो. कोर्स वेगळ्या विंडोत उघडतो आणि ब्राउझरने पॉप-अप अडवलेला असतो, त्यामुळे प्रगतीची नोंदच होत नाही. किंवा तुम्ही कोर्समधलं "बाहेर पडा" बटण न दाबता सरळ टॅब बंद करता आणि शेवटचं पान नोंदलंच जात नाही. आणि चौथं म्हणजे मधल्या काळात कोर्सची नवी आवृत्ती आली आणि तुमची जुनी अर्धवट राहिली.

पॉप-अप चालू करा, दुसरा ब्राउझर घ्या, शेवटचं मॉड्यूल परत उघडून बटणानेच बाहेर पडा. तरी नाही झालं तर सपोर्टला लिहा, पण लिहिताना कोर्सचं पूर्ण नाव, तारीख आणि स्क्रीनशॉट द्या, नुसतं "होत नाहीये" लिहिलं की उत्तरात तेच तीन प्रश्न परत येतात आणि आठवडा जातो.

अजून एक, कोर्स "पूर्ण" होणं आणि "पास" होणं वेगळं. फेमाच्या परीक्षेला ७५ टक्के लागतात, ओपनडब्ल्यूएचओवर गुणांवर मिळणाऱ्या सर्टिफिकेटला ८० टक्के. सगळी पानं बघितली पण गुण कमी पडले तर नुसतं सहभागाचं मिळू शकतं.

६. सर्टिफिकेटवर नाव चुकलंय.

प्रोफाइलमध्ये नाव दुरुस्त करा आणि सर्टिफिकेट नव्याने डाउनलोड करा, बऱ्याच ठिकाणी एवढ्याने होतं. काही ठिकाणी पहिल्यांदा छापलं की नाव गोठतं, तिथे सपोर्टला लिहावं लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर यादी सांभाळणाऱ्याला दोन्ही नावं कळवा. नाव पहिल्यापासून ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका.

७. आमच्याकडे नेट धड चालत नाही, मोबाईलवर कसं करू?

व्हिडिओ आधी डाउनलोड होतात का बघा, बऱ्याच कोर्समध्ये व्हिडिओसोबत लिखित मजकूर किंवा पीडीएफ असते, ती घेऊन वाचा आणि नेट मिळेल तेव्हा फक्त परीक्षा द्या. टीम मोठी असेल तर एका खोलीत एका स्क्रीनवर सगळ्यांनी मिळून बघणं उत्तम, मधे थांबून चर्चा होते आणि ती व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते. परीक्षा मात्र ज्याची त्याने आपल्या लॉगिनने द्यायची. का ते १२ मध्ये आहे.

८. ऑनलाइन सगळं केलं, आता मी तयार ना?

नाही. अर्धे तयार आहात असं म्हणू. काय करायचं ते ऑनलाइन कळतं, हाताला ते येत नाही.

पीपीईचंच घ्या. घालताना फारसं काही बिघडत नाही, धोका असतो काढताना, कारण बाहेरची बाजू दूषित असते आणि माणूस थकलेला, घामाघूम, कधी एकदा सुटतोय अशा अवस्थेत असतो. २०१४ च्या इबोलाच्या साथीत अमेरिकेत नर्सेसना लागण झाली त्यानंतर तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ऑक्टोबरमध्ये नियम कडक केले, आणि त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की पीपीई घालणं-काढणं प्रशिक्षित निरीक्षकाच्या डोळ्यासमोर आणि एकेक पायरी मोठ्याने वाचून व्हायला हवं. आता ही सवय व्हिडिओ बघून कशी लागणार? ती दोघांनी समोरासमोर उभं राहून, परत परत करूनच लागते.

म्हणून कोर्स झाला की महिन्याच्या आत प्रत्यक्ष सराव ठेवा. तो जमणार नसेल तर कोर्ससुद्धा थोडा पुढे ढकला, मधे फार अंतर पडलं की शिकलेलं निम्मं विरतं.

९. टेबलटॉप, ड्रिल, फंक्शनल, फुल-स्केल, हे सगळं एकच ना?

नाही, खूप फरक आहे. टेबलटॉप म्हणजे टेबलाभोवती बसून एक परिस्थिती घ्यायची आणि "आता काय कराल" असं बोलत पुढे जायचं, यात कोणी धावत नाही. ड्रिल म्हणजे एकच काम प्रत्यक्ष करून बघणं, उदाहरणार्थ रात्री सगळ्यांना मेसेज करून किती जण किती वेळात उत्तर देतात ते मोजणं. फंक्शनलमध्ये कंट्रोल रूम खरोखर चालवतात, माहिती येत राहते, निर्णय घ्यावे लागतात, पण माणसं फील्डवर पाठवत नाहीत. फुल-स्केलमध्ये सगळंच खरं, गाड्या, सामान, खोटे पेशंट.

नवीन टीमने थेट फुल-स्केलला हात घालू नये. खर्च प्रचंड होतो, फोटो छान येतात, आणि जी चूक टेबलटॉपमध्ये दोन तासांत सापडली असती ती गर्दीत हरवून जाते. मला विचाराल तर छोटे टेबलटॉप वारंवार घ्या.

मोजायला काय घ्यायचं असंही विचारतात. २०२१ मध्ये मांडलेलं ७-१-७ हे लक्ष्य सोपं आहे: साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत ओळखायची, १ दिवसात कळवायची, पुढच्या ७ दिवसांत सुरुवातीची सगळी महत्त्वाची पावलं उचलून झालेली हवीत. सरावात यातला कुठला आकडा चुकला ते बघा, पुढचं ट्रेनिंग कशाचं घ्यायचं ते आपोआप कळतं.

१०. सर्टिफिकेट किती वर्षं चालतं?

ज्या कोर्सवर मुदत लिहिली आहे त्याची तेवढीच. ज्यावर नाही, त्याची मुदत तुमच्या संस्थेने ठरवायची असते आणि बहुतेक संस्थांनी ती ठरवलेलीच नसते. माझा साधा नियम असा, कागदी ज्ञान दोन-तीन वर्षांनी ताजं करा, हाताचं कौशल्य मात्र काही महिन्यांतच गंजतं. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) शिकलेल्यांमध्येही कौशल्य काही महिन्यांत उतरतं असं पुन्हा पुन्हा दिसलंय, कार्डावर मुदत शिल्लक असली तरी. त्यामुळे सर्टिफिकेटच्या तारखेसोबत शेवटच्या सरावाची तारीखही बघा, आणि दोन्हींत खरी कामाची दुसरी.

११. टीमचं रेकॉर्ड माझ्याकडे आलंय. काय काय नोंदवू?

महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं, साधी स्प्रेडशीट पुरते. पण ती कोर्सप्रमाणे लावू नका, कामाप्रमाणे लावा. रात्री दोन वाजता वरून फोन येतो तेव्हा "आयएस-२०० किती जणांनी केलंय" असं कोणी विचारत नाही, "सॅम्पल घेऊ शकतील असे चार जण आत्ता कोण आहेत" असं विचारतात. तुमच्या शीटने या प्रश्नाचं उत्तर मिनिटाभरात द्यायला हवं.

म्हणून नाव, भूमिका, कुठल्या कामाला तयार, कोर्स आणि त्याची आवृत्ती, तारीख, मुदत, शेवटचा सराव, मास्कची साइझ (ती का ते १५ मध्ये), बोलता येणाऱ्या भाषा, आणि चालू फोन नंबर, हे ठेवा. फोन नंबर दर तीन महिन्यांनी तपासा, यादी सगळ्यात आधी तिथेच फसते. आजार, गरोदरपण, मानसिक त्रास अशी खासगी माहिती या शीटमध्ये नको. तिथे फक्त "फील्डसाठी उपलब्ध / नाही" एवढंच, कारण ज्याला माहीत असायला हवं त्याच्याकडे वेगळं.

आणि शीटची एक छापील प्रत ठेवा. आपत्तीत वीज आणि नेट हेच आधी जातं.

१२. एका माणसाने सगळ्यांच्या लॉगिनने कोर्स क्लिक करून संपवले. चालतं का?

अजिबात नाही. हे फार ठिकाणी होतं आणि वरून टक्केवारीचा दबाव असला की हमखास होतं, पण यात फसवणूक आपल्याच माणसाची होते. कागदावर तो पीपीई शिकलेला असतो, म्हणून त्याला आत पाठवलं जातं. आत गेल्यावर त्याच्या जिवाशी खेळ होतो.

असं झालेलं कळलं तर शिक्षा करत बसण्याआधी त्या नोंदी "अपूर्ण" करा आणि परत करून घ्या. मग लोकांना वेळ का मिळाला नाही ते बघा. ते पुढच्या प्रश्नात.

१३. लोक कोर्स करतच नाहीत, किती आठवण करू?

आठवणीचे मेसेज वाढवून काही होत नाही. ड्युटीच्या वेळात दोन तास राखून द्या आणि तेवढा वेळ त्यांचं काम दुसऱ्याकडे द्या. घरी जाऊन करा म्हटलं की ज्यांच्यावर घर सांभाळायची जबाबदारी आहे ते मागे पडतात, आणि त्या बहुतेक बायका असतात. प्रमुखांनी आधी स्वतः करावं, याचा फरक पडतो.

१४. साथ सुरू झालीच आहे, नवीन माणसं आलीत, ट्रेनिंगला वेळ कुठाय?

अशा वेळी जस्ट-इन-टाइम ट्रेनिंग देतात, म्हणजे त्या शिफ्टला लागेल तेवढंच, कामावर जायच्या आधी, तासाभरात. एक पानाची सूचना, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, आणि पहिल्या शिफ्टला अनुभवी माणसासोबत जोडी. हे पान साथ नसताना तयार करून ठेवायचं असतं, भूमिकेप्रमाणे एकेक. त्या तासात सुरक्षितता, कोणाला रिपोर्ट करायचं आणि काय करायचं नाही, हे तीन मुद्दे कधी गाळू नका, बाकी कमी-जास्त झालं तरी चालेल.

जुन्यांची मुदत ऐन साथीत संपली तर? लेखी आणि ठरावीक मुदतीची सूट देता येते, पण ती कागदी कोर्सना. मास्क फिट टेस्ट (मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची तपासणी) आणि पीपीईला सूट नाही.

१५. मास्कची फिट टेस्ट मागच्या नोकरीत झाली होती, इथे परत का? आणि मला दाढी आहे.

फिट टेस्ट ठरावीक कंपनी, मॉडेल आणि साइझच्या मास्कची असते. इथे दुसरं मॉडेल असेल तर जुनी टेस्ट उपयोगाची नाही. वजन बरंच कमी-जास्त झालं, दातांचं किंवा चेहऱ्याचं मोठं काम झालं तरी परत करायची. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत ती दरवर्षी सक्तीची आहे आणि नियम नसला तरी तेवढं अंतर ठेवणं चांगलं. प्रत्येक वेळी मास्क घातल्यावर हाताने जी गळती तपासतो ती सील चेक, ती रोजची, आणि फिट टेस्टची जागा ती घेत नाही.

दाढीचे केस मास्कच्या कडेखाली आले की सील बसत नाही, थोडी खुंटं असली तरी. धर्माने किंवा दुसऱ्या कारणाने दाढी ठेवत असाल तर सैल हूडचं, पंख्याने हवा देणारं पीएपीआर मिळतं का विचारा. ते नसेल तर अशा माणसाला हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या वॉर्डात न पाठवता दुसरं काम द्यायचं, आणि हे आधीच आदराने बोलून ठरवायचं, दारात उभं करून नाही.

१६. दुसऱ्या संस्थेतून मदतीला आलेल्यांचं आणि स्वयंसेवकांचं ट्रेनिंग धरायचं का?

मूळ कोर्स धरा, सर्टिफिकेट पडताळून. पण तुमची जागा, तुमचे फॉर्म, तुमची माणसं त्यांना नवीन आहेत, तेव्हा १४ मधला तास त्यांनाही द्या, कितीही अनुभवी असले तरी. परवाना लागतो अशी कामं, म्हणजे इंजेक्शन देणं वगैरे, फक्त पडताळणी झालेल्यांनाच. उत्साहाने आपणहून आलेल्यांना परत पाठवू नका, नोंद घ्या आणि गर्दी सांभाळणं, फोन, सामान मोजणं अशी कामं द्या. मदतीची मुदत संपली की त्यांची नावं शीटमधून वेगळी काढा, नाहीतर पुढच्या वेळी मनुष्यबळ आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

१७. कोर्समध्ये एक सांगितलंय आणि आत्ताची गाईडलाईन वेगळीच आहे, कोणाचं ऐकू?

चालू लेखी गाईडलाईनचं, तारीख बघून. नवीन आजारात माहिती आठवड्या-आठवड्याला बदलते, कोर्स तेवढ्या वेगाने बदलत नाही. फरक दिसला तर कोऑर्डिनेटरला कळवा आणि कोऑर्डिनेटरने कोर्सच्या लिंकसोबत "यातला अमुक भाग आता असा" अशी दोन ओळींची टीप पाठवावी. व्हॉट्सॲपवर फिरणारी, तारीख आणि सही नसलेली पीडीएफ गाईडलाईन नव्हे.

१८. सरावात एकजण रडायला लागली, तिच्या घरी मागच्या पुरात माणूस गेला होता. काय करायला हवं होतं?

सराव तिच्यापुरता थांबवायला हवा. प्रत्येक सरावाआधी परिस्थिती काय असेल ते सांगा आणि कारण न देता बाहेर पडायची मोकळीक द्या, हजेरी कापली जाणार नाही हे स्पष्ट सांगून. प्रत्येक टीममध्ये निदान दोघांनी मानसिक प्रथमोपचार शिकलेला असावा, जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची त्यावरची मार्गदर्शिका फुकट मिळते आणि तिचा गाभा तीन गोष्टींत आहे: बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. यात खोदून खोदून विचारायचं नसतं, आणि "विसरून जा, खंबीर राहा" असलं काही बोलायचं नसतं.

तिला नंतर फोन करा, दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यातही. फील्डवर जायचं की नाही हे तिला ठरवू द्या, आणि तिने नाही म्हटलं तर ११ मध्ये सांगितलं तसं शीटमध्ये फक्त उपलब्धता बदला, कारण लिहू नका.